झेलणाऱ्याचा डावा हात

कुरुंद्याच्या हळदीच्या शिवाराला लागून पास्टर संतराम यांचं प्रार्थनागृह होतं, म्हणजे पत्र्याचं शेड होतं, आणि त्या शेडात दर रविवारी माणसं पडायची. पडणं हा तिथला नेहमीचा कार्यक्रम होता. पास्टर कपाळाला तेलाचं बोट लावायचे, डोक्यावर हात ठेवायचे, मोठ्यानं प्रार्थना करायचे, आणि पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला की माणूस उभ्याचा आडवा व्हायचा. आता स्पर्श आत्म्याचा असला तरी खालची फरशी शहाबादी होती. म्हणून पडणाऱ्याच्या मागं एक माणूस उभा ठेवावा लागतो. तो माणूस सोनाजी होता.

सोनाजी मूळचा सेनगावकडच्या साखऱ्याचा. मेंढरामागं वाढलेला. कातरणीच्या वेळी मेंढरू कसं धरायचं हे त्याला लहानपणापासून येत होतं. पुढून जायचं नाही, आवाज करायचा नाही, मागून अलगद घ्यायचं आणि त्याला कळायच्या आत बसवायचं. पुढं लग्न झालं, हळद शिजवायच्या कुकरवर काम मिळालं म्हणून तो कुरुंद्याला आला, मेंढरं भावाकडंच राहिली, आणि आपली ही विद्या वाया गेली असं त्याला वाटलं. ती पवित्र आत्म्याच्या कामी आली, हे त्याच्या भावाला अजूनही पटलेलं नाही.

तो प्रार्थनेला आला त्याचं कारण विहिरीवरची मोटर. मागच्या पावसाळ्यात त्यानं स्टार्टरच्या पेटीला डावा हात लावला, कारण तो डावखुरा, आणि पेटीनं त्याला धरलं. सोडलं तेव्हा तो बांधापलीकडं पडला होता. पास्टर संतराम त्याच वेळी टेम्पो घेऊन रस्त्यानं चालले होते. पास्टर व्हायच्या आधी त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. नंतर टेम्पो, खुर्च्या आणि स्पीकर देवाच्या कामाला लागले, तरी लग्नसराईत थोडेफार लग्नाच्याही कामाला लागायचे. त्यांनी सोनाजीला खुर्च्यांच्या थप्पीवर आडवं केलं, आणि एक हात स्टेअरिंगवर, दुसरा मागच्या खिडकीतून सोनाजीच्या डोक्यावर, असं प्रार्थना करत करत वसमतचा दवाखाना गाठला. सोनाजीनं डोळे उघडले तेव्हा त्याला चहूबाजूंनी लाल मखमलीच्या खुर्च्या दिसल्या. वर कुणाचं तरी लग्न आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

जीव वाचला. डावा हात मात्र कोपरापासून खाली बधिर झाला. हलायचा, धरायचा, उचलायचा. कामाला कुठंच कमी नव्हता. फक्त वर काही कळवायचा नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, नस आहे, येईल तेव्हा येईल. सोनाजीला वाटलं, एसटीचं पण असंच सांगतात.

ज्यानं टेम्पोत घातलं त्याच्या शेडात एकदा तरी गेलं पाहिजे म्हणून तो रविवारी गेला. बायको रागिणी कडेवर तान्ही पोर घेऊन सोबत होती. सोनाजी मागच्या रांगेत उभा होता. तेवढ्यात त्याच्या पुढं उभ्या असलेल्या सिंधूमावशी, ज्यांच्या वजनाबद्दल गावात बोलायची पद्धत नाही, वेळेआधीच मागं आल्या. सोनाजीनं विचार केला नाही. खांद्यावरची चादर ताणली, मावशीला चादरीत घेतलं आणि मेंढरासारखं अलगद बसवून मग आडवं केलं. मावशींची टिकलीसुद्धा हलली नाही. पास्टरनी माईकवरच सांगितलं, "परभूनं आपल्याला झेलणारा दिला!"

तेव्हापासून ते काम त्याच्याकडं होतं. गडीमाणसाला काखेतून धरायचं, बाईमाणसामागं चादर ताणून उभं राहायचं, म्हणजे हात लागायला नको. वर्ष होत आलं, त्याच्या हातून एकही माणूस फरशीवर आपटला नव्हता.

झेलून झेलून त्याला एक गोष्ट कळली होती. काही माणसं पडताना गुडघे वाकवतात, एक पाय मागं सरकवतात, जमीन कुठं आहे ते चाचपून बघतात. ती आपली आपण पडतात. काही मात्र जमीन शोधतच नाहीत. ती हातात येतात तेव्हा हलकी असतात. सिंधूमावशीसुद्धा. हे हलकेपण कुठून येतं ते सोनाजीला माहीत नव्हतं, पण ते खोटं नाही हे माहीत होतं, कारण वजन त्याच्या खांद्यांना कळायचं, आणि खांदे शाबूत होते. तो दोन्ही प्रकारची माणसं सारखीच झेलायचा. सोंग करणाऱ्यालाही फरशी तेवढीच लागते.

त्याला स्वतःला काही होत नसे. सगळं शेड रडत असताना तो वर पत्र्याकडं बघत उभा राहायचा. देव आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. ट्रान्सफॉर्मर आहे याबद्दलही नव्हती. दोन्हींचा आपल्याशी पुन्हा संबंध येईल असं मात्र वाटत नव्हतं. पास्टरनी त्याच्यावर कितीदा तरी हात ठेवला. तो नुसता उभा राहायचा, पास्टरांचा हात दुखून यायचा, आणि मग दोघंही थोडे ओशाळून पुढच्या माणसाकडं वळायचे.

हाताचं एवढं काही नव्हतं. गावात दोन्ही हात शाबूत असून काही न करणारे भरपूर होते. अडलं होतं ते पोरीपाशी.

पोरीचं नाव कृपा. ती चार महिन्यांची असताना रागिणीनं आंघोळीचं पाणी काढलं आणि म्हणाली, "जरा बघता का, कढत तर न्हाई?" सोनाजीनं सवयीनं डावा हात घातला. हातानं काही तक्रार केली नाही. "बराबर हाय," तो म्हणाला, आणि तांब्यानं पोरीच्या पायावर पाणी घातलं.

डाग आता मांडीवर तेवढा राहिला होता, हळदीच्या कांड्याएवढा. रागिणी एका शब्दानं त्याला बोलली नाही. ती बोलली असती तर काहीतरी तोड निघाली असती. त्या दिवसापासून सोनाजीनं पोरीला उचललं नव्हतं. आधी रागिणी म्हणायची, "उजव्या हातानं घ्या की." तो म्हणायचा, "डावा आपोआप पुढं येतो." हे खरं होतं. डावखुऱ्याचा डावा हात कुणाला विचारत नाही. मग त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलं, ज्या दिवशी हाताला कळायला लागेल त्या दिवशी पोरगी उचलायची. तोवर डावा हात काखेत धरून लांब बसायचं. कृपा रांगायला लागली आणि रांगत त्याच्याकडं यायला लागली. ती हातभर अंतरावर आली की तो उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. तिला तो खेळ वाटायचा. ती खिदळत कोपरा बदलायची, तो परत उठायचा. खोलीला कोपरे चारच होते.

एकदा ती उंबऱ्यावरून बाहेरच्या पायरीकडं घसरली. सोनाजी अगदी जवळ उभा होता. अख्खी सिंधूमावशी चादरीत घेणारा तो माणूस तिथं उभा राहून ओरडला, "ओ, पोरगी पडून राहिली!" रागिणी चुलीपासून पळत येईपर्यंत पोरगी पडून झाली होती. लागलं फार नाही. पण रागिणीनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "रविवारी पण असंच ओरडता का?"

त्या रविवारी सोनाजीनं साक्ष दिली.

त्या प्रार्थनेत एक रीत होती. चंगाई म्हणजे आजार बरा होणं. ते दिसायची वाट बघत बसायचं नाही. आधी उभं राहून सगळ्यांपुढं सांगायचं की मी बरा झालो, आणि मग बरं व्हायचं. पास्टर म्हणायचे, "मंडप कधी घालतेत? वऱ्हाड यायच्या आधी का वऱ्हाड जेवून गेल्यावर?" मंडपाचा विषय निघाला की त्यांच्यापुढं कुणाचं चालत नसे. शिवाय एकदा साक्ष दिली की तोंडानं उलटं बोलायचं नाही. अजून दुखतंय म्हटलं की दिलेली साक्ष परत घेतल्यासारखं होतं.

सोनाजी इतके दिवस हे टाळत होता. आता तो माईकपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मह्या हाताला परभूनं बरं केलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या. टाळी उजव्या हाताला लागत होती. डावा नुसता हजर होता.

त्यानं आठवडाभर वाट बघितली. रोज सकाळी डाव्या हाताला चिमटा काढायचा, आणि हात शहाण्या माणसासारखा गप्प बसायचा. पण गाव गप्प बसलं नाही. ज्या अंगाला चंगाई मिळाली ते अंग दुसऱ्याला लावलं तर चंगाई पुढं जाते, असं सगळ्यांना वाटत होतं. सिंधूमावशीची शेळी चारा सोडून बसली होती. मावशींनी सोनाजीला हाताला धरून गोठ्यात नेलं. "लेकरा, ठेव तेवढा." त्यानं शेळीच्या पोटावर डावा हात ठेवला, काय बोलावं सुचेना म्हणून "आमेन" म्हणाला. शेळी उठली आणि तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल खायला सुरुवात केली. मावशी रडायलाच लागल्या. टॉवेल परत मागणं सोनाजीला बरं दिसेना.

मग खाजा मिया. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. सोनाजी त्यांना चाचा म्हणायचा.

"काय रे सोनाजी, हात बरा झाला म्हणे तुझा?"

"साक्ष देली चाचा."

"मी साक्षीचं न्हाई विचारून राहिलो. हाताचं विचारून राहिलो."

"हाताचंच सांगितलं साक्षीत."

"बराबर," खाजा मिया म्हणाले. ते त्याच्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते, कारण त्यांची मान आखडली होती. "लई तकलीफ हाय रे. गिऱ्हाईक डावीकडून आलं की मला अख्खं स्टूल फिरवावं लागतं. ठेव तो हात जरा, बघू तर."

सोनाजीनं ठेवला.

"या अल्ला! काय गरम हाय रे! तवा धरून आला का?"

सोनाजीनं हात उचलून बघितला. हातात काही नव्हतं. खाजा मियांच्या मानेत कुकरचं झाकण सुटल्यासारखा आवाज झाला. त्यांनी मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, आणि बऱ्याच दिवसांनी समोर बसलेल्या माणसाकडं समोरून बघितलं.

"तुला गरम लागून न्हाई राहिलं?"

सोनाजीनं इकडं तिकडं बघितलं. जवळपास प्रार्थनेतलं कुणी नव्हतं. "चाचा, मला त्या हातात काहीच लागत न्हाई. लाकूड हाय लाकूड."

खाजा मियांनी बराच वेळ ट्यूब घासली. "मग तू पोस्टमन हाय," ते म्हणाले. "पोस्टमनला कुठं पाकीट फोडून वाचायला देतेत? दुसऱ्याचं नाव असतं वर."

"मह्या नावाचं कधी येतं मग?"

"ते मला काय विचारतो? मी पंक्चरवाला हाय."

खाजा मियांनी ते गुपित ठेवलं, पण मान काही ठेवली नाही. ती सगळ्या बाजाराला फिरवून दाखवली. त्यानंतर सोनाजीच्या घरापुढं माणसं यायला लागली. गुडघे आले, कंबरा आल्या, कुणाचं न पचवणारं पोट आलं, एकदा तर न सुरू होणारी मोटारसायकल आली. काहींना बरं वाटायचं, काहींना नाही वाटायचं, ती बस पकडून दवाखान्यात जायची. सगळे म्हणायचे, हात गरम आहे. सोनाजी खरं सांगायला गेला की, "हात मह्या कामाचा न्हाई," तर लोक एकमेकांकडं बघून म्हणायचे, "बघा, किती नम्र." त्यानं जास्त जोर लावून सांगितलं की ते त्याला जास्त नम्र समजायचे.

दारातून रागिणी हे बघायची. कडेवरची कृपा त्या माणसांकडं बघून हात पुढं करायची. लोक बापाच्या हाताखाली बसून जात होते, आणि ती दारात होती.

शेवटी तो पास्टरांकडं गेला. पास्टर शेडाबाहेर खुर्च्या धूत होते.

"पास्टर, लोकाला गरम लागून राहिलं. मलाच काहून न्हाई लागत?"

पास्टरनी पाइप बाजूला ठेवला. "ब्रदर, तो हात आता तुमचा न्हाई. परभूचा हाय."

"व्हय. मग महा कुठं गेला?"

पास्टर संतराम प्रामाणिक माणूस होते. उत्तर नसताना उत्तर द्यायची कला त्यांना मंडपाच्या धंद्यातही जमली नव्हती. त्यांनी ओल्या खुर्चीवर बसून विचार केला. "विचारून सांगतो," ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी उपवासाची मोठी प्रार्थना होती. पास्टरनी सोनाजीला बढती दिली. त्यानं मागं उभं राहायचं नाही, पास्टरांबरोबर पुढं उभं राहून लोकांवर हात ठेवायचा. झेलायला शिवप्रसादला नेमलं. शिवप्रसाद कुकरवरच कामाला होता, तब्येतीनं तगडा, भक्तीनं त्याहून तगडा. त्याच्यात एकच खोट होती. प्रार्थना सुरू झाली की तो डोळे मिटायचा.

"डोळे उघडे ठेव बाबा," सोनाजीनं त्याला बजावलं. "झेलणाऱ्यानं डोळे मिटायचे नसतात."

"परभूसमोर डोळे उघडे कसे ठेवू भाऊ?"

"परभूसमोर न्हाई, सिंधूमावशीमागं."

शिवप्रसादनं मान हलवली आणि चादर ताणून उभा राहिला. गाणं सुरू झालं, ढोलकी सुरू झाली, आणि त्यानं डोळे मिटले.

सगळ्यांत आधी सिंधूमावशी आल्या. पास्टरांचा हात टेकला न टेकला तोच त्या मागं गेल्या. शिवप्रसाद चादर घेऊन दोन पावलं उजवीकडं उभा राहून देवाची स्तुती करत होता. मावशी शेजारच्या सतरंज्यांच्या ढिगावर पडल्या, म्हणून निभावलं. त्या तिथंच डोळे मिटून, तोंडावर हसू घेऊन पडून राहिल्या. त्यांना काहीच फरक पडला नव्हता. सोनाजीला पडला. त्याचे पाय आपोआप मागं जायला लागले. पास्टरनी त्याची बाही धरली. "पुढंच थांबा ब्रदर."

रांग पुढं सरकत होती. सोनाजी हात ठेवत होता. कपाळ, कपाळ, टक्कल, कपाळ. लोक डोळे मिटत होते, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याला वाटत होतं आपण कुकरची तोटी आहोत. वाफ तिच्यातून जाते.

मग त्याच्यापुढं रागिणी उभी राहिली. कडेवर कृपा.

रागिणी कधी रांगेत आली नव्हती. ती दर वेळी बायकांत मागं बसायची, गायची, आणि बाकीचा वेळ सोनाजीकडं बघायची. आता तिनं पदर सारखा केला, कृपाला कडेवरून पुढं घेतलं आणि म्हणाली, "ठेवा हात."

सोनाजीनं उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"मह्यावर न्हाई. पोरीवर. आन् डावा."

"रागिणी, सगळे बघून राहिलेत."

"बघू द्या की. अख्ख्या कुरुंद्यावर ठेवला तुमी तो हात. शेळीवर ठेवला. त्या फटफटीवर ठेवला. पोरीनं काय पाप केलं?"

"तिनं न्हाई केलं," सोनाजी म्हणाला. "मला कळत न्हाई त्या हातात, तुला माहीत हाय ना. मी जोरात धरलं तरी कळायचं न्हाई. सुटली तरी कळायचं न्हाई."

हे तो माईकच्या जवळ बोलला होता. स्पीकर पास्टरांचे असल्यामुळं चांगले होते. साक्ष दिलेल्या माणसाच्या तोंडून ते सगळ्या शेडानं ऐकलं. ढोलकी थांबली. शिवप्रसादनं डोळे उघडले नाहीत.

रागिणीनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. एसटी वळणावर दिसली की माणूस पिशवी उचलतो, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. तिनं डोळे मिटले. आणि दोन्ही हात उघडले.

ती मागं जायला लागली. गुडघे वाकले नाहीत, पाय मागं सरकला नाही, ती जमीन शोधत नव्हती. सोनाजीला हे सगळं दिसलं, कारण वर्षभर त्यानं दुसरं काही बघितलंच नव्हतं. आणि त्याच वेळी कृपा तिच्या हातांतून खाली यायला लागली.

डाव्या हातानं कुणाला विचारलं नाही.

कृपा त्याच्या डाव्या हातावर आली, मांडीपासून पाठीपर्यंत अख्खी, डोकं कोपराच्या वळणात. मागं रागिणी सिंधूमावशीवर पडली. सिंधूमावशी "हालेलुया" म्हणाल्या आणि तिला जागा करून दिली.

सोनाजी उभा राहिला. हातात पोरगी होती, हे त्याला दिसत होतं. ती त्याच्याकडं बघत होती. हा माणूस या वेळी उठून दुसऱ्या कोपऱ्यात कसा गेला नाही, असं तिला वाटत असावं. खांद्याला तिचं वजन कळत होतं. फार नव्हतं. कोपराच्या खाली काही नव्हतं. लाकूड होतं. पंखा वर फिरत होता. कुठलं तेज पडलं नाही, पत्रा वाजला नाही.

फक्त आपल्या मागं कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं. पाठीपासून वीतभर अंतरावर, जिथं तो स्वतः उभा राहायचा तिथं. शिवप्रसाद नव्हता, शिवप्रसाद समोर होता. पास्टर बाजूला होते. मागं भिंत होती. तरी कुणीतरी होतं, हात पुढं करून, आवाज न करता, मेंढराला कळू नये तसं. सोनाजीनं वळून बघितलं नाही. जी माणसं खरी पडतात ती मागं वळून बघत नाहीत, हे त्याला माहीत होतं. त्यानं कृपाला थोडं जवळ घेतलं.

मग अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी सुरू झालं. एक बारीक रेघ. ती मनगटाकडं आली, तिथं थोडी थांबल्यासारखी झाली, आणि मग कोपराकडं निघाली. सोनाजीनं हाताकडं बघितलं.

पास्टर माईक घेऊन जवळ आले. "ब्रदर, काय झालं? काय वाटून राहिलं? सांगा!"

सोनाजीनं माईककडं बघितलं. "मुतली," तो म्हणाला.

"आमेन!" सगळं शेड म्हणालं.

"गरम हाय," सोनाजी म्हणाला.

यावर कुणी आमेन म्हणालं नाही. पास्टरनी माईक खाली घेतला. सिंधूमावशी सतरंज्यांवरून उठून बसल्या, त्यामुळं रागिणीलाही उठावं लागलं. सोनाजी तिथंच फरशीवर बसला, पोरगी मांडीवर घेऊन, डाव्या हातावरची ओल तशीच ठेवून, ती पुसायची कशानं हे न सुचून. पास्टर त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "तुमचा हात कुठं गेला ते विचारलं होतं मी. उत्तर न्हाई आलं."

"येईल," सोनाजी म्हणाला.

घरी जाताना कृपा त्याच्याच खांद्यावर होती. रागिणी बाजूनं चालत होती. पाटाचं वळण आलं.

"तू पडली तेव्हा," सोनाजी म्हणाला, "पोरगी हातात हाय हे इसरली होती का?"

"मी पडले न्हाई. सोडलं."

"पोरीला?"

"समदंच."

"आन् मी न्हाई धरलं असतं तर?"

"वर्षभर बघून राहिले मी तुमाला," रागिणी म्हणाली. "तुमच्या हातून एक माणूस खाली पडलं न्हाई. तुमाला नसंल माहीत. मला हाय."

संध्याकाळी तिनं पोरीच्या आंघोळीला पाणी काढलं आणि बादली त्याच्यापुढं सरकवली. सोनाजीनं डावा हात आत घातला. सगळ्या हाताला कळत होतं असं नाही. बोटांची टोकं अजून कुठंतरी परगावी होती. तळहाताच्या कडेला मात्र काहीतरी कुरकुरत होतं. त्यानं वाट बघितली. कृपानं बादलीच्या काठाला धरून वाट बघितली.

"कढत हाय," तो म्हणाला. "थंड टाक."

रागिणीनं आपलं कोपर पाण्याला लावून बघितलं. मग तिनं थंड पाण्याचा तांब्या ओतला, आणि थोडा वेळ तो तांब्या तसाच धरून बसली.

रविवारी पास्टरनी माईक त्याच्यापुढं धरला. "ब्रदर, साक्ष!"

"देऊन झाली की मागंच," सोनाजी म्हणाला.

पास्टरनी विचार केला, हिशोब बरोबर होता. मंडप आधी घातलेला होता. त्यांनी माईक पुढच्या माणसाला दिला. सोनाजीनं शिवप्रसादच्या हातातली चादर घेतली, त्याला गाणाऱ्यांत नेऊन उभं केलं, म्हणजे त्याला हवा तेवढा वेळ डोळे मिटता येतील, आणि सिंधूमावशीच्या मागं जाऊन चादर ताणली.

चादर खरबरीत होती. वर्षभरात हे त्याला डाव्या हातानं कधी सांगितलंच नव्हतं.